अंडरटेक, अटेम्प्ट, टॅकल: काम हाती घेण्याची इंग्रजी क्रियापदे कशी घडली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहिताना तुम्ही शब्दकोश उघडला, तर अंडरटेक, टेक ऑन, टेक अप, टॅकल, एम्बार्क या सगळ्यांपुढे ‘हाती घेणे’ किंवा ‘सुरू करणे’ आणि अटेम्प्ट, ट्राय, एन्डेव्हर यांच्यापुढे ‘प्रयत्न करणे’ एवढेच दिलेले. मग एका कामासाठी इंग्रजीने इतकी क्रियापदे का बाळगली? अंडरटेकमधला ‘अंडर’ कुठून आला? आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्याला अंडरटेकर का म्हणतात?

मी इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवतो आणि मराठी-इंग्रजी अनुवाद तपासतो, त्यामुळे ही अडचण माझ्यासमोर सतत येते. माझ्या मते खरा प्रश्न शब्दांच्या संख्येचा नाही. ‘काम अंगावर घेणे’ ही क्रिया डोळ्यांना दिसत नाही. काम सुरू होण्याआधी माणसाच्या मनात काहीतरी ठरते, एवढेच. त्याला नाव देण्यासाठी इंग्रजीने प्रत्येक काळात शेजारची एखादी दिसणारी क्रिया उसनी घेतली: हाताने पकडणे, शब्द देणे, पारखून पाहणे, जहाजावर चढणे, दोरखंड आवळणे. उसनी घेतलेली ती मूळ क्रिया शब्दातून पुरती गेलेली नाही. तीच आजही ठरवते की क्रियापदापुढे काय शोभेल आणि काय खटकेल. शब्दकोशात एका शब्दात दिलेला अर्थ नेमका हाच भाग गाळतो.

कोणता शब्द योग्य हे मजकुराच्या जातीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. न्यायालयातले प्रतिज्ञापत्र, बातमी, संशोधन अहवाल आणि मित्राला लिहिलेला मेल यांत उत्तर वेगवेगळे येईल. पण कारण समजले की उत्तर तुमचे तुम्हाला काढता येते.

वर्गात मी सुरुवात एका वाक्यापासून करतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिलेच वाक्य आहे की, घडलेल्या गोष्टींचा वृत्तान्त रचण्याचे काम पुष्कळांनी हाती घेतले आहे. हे वाक्य हजार वर्षांत इंग्रजीत पुन्हा पुन्हा उतरले, त्यामुळे या क्रियापदांचा प्रवास एका ओळीत पाहता येतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘एपिखेइरेओ’. ‘एपि’ म्हणजे वर, ‘खेइर’ म्हणजे हात. कामावर हात ठेवणे. लॅटिन अनुवादात तिथे ‘कोनाती सुन्त’ आले, म्हणजे प्रयत्न केला. हात गेला, धडपड आली.

आता इंग्रजी पाहा. सुमारे १००० सालच्या जुन्या इंग्रजी अनुवादात क्रियापद आहे ‘थोहतोन’, आजचे ‘थॉट’: पुष्कळांनी असे करण्याचे मनात आणले. १३८० च्या दशकातल्या, धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या परंपरेतल्या अनुवादात ‘एन्फोर्सेडन’ येते: पुष्कळांनी जोर लावला. हा अनुवाद लॅटिनवरून झाला होता, म्हणून त्यात धडपड उतरली. १५२६ मध्ये विल्यम टिंडेलने थेट ग्रीकवरून अनुवाद केला आणि हात परत आला: ‘हॅव टेकन इन हँड’. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीने तेच शब्द ठेवले. १९४६ च्या सुधारित आवृत्तीत मात्र ‘हॅव अंडरटेकन’ आहे. मनात आणणे, जोर लावणे, हातात घेणे, अंडरटेक करणे. ‘अंडरटेक’ हा शब्द टिंडेलच्या काळी चांगला तीनशे वर्षांचा होता. तरी त्याने तो वापरला नाही. त्याला हाताची प्रतिमा हवी होती हे एक कारण. दुसरे कारण माझ्या वाचनातून दिसते: त्या काळी ‘अंडरटेक’मध्ये वचनाचा आणि जोखमीचा भार आजच्यापेक्षा बराच जास्त होता, आणि लूकच्या वाक्यात कोणी कोणाला वचन देत नाही.

हा भार कुठून आला ते पाहू. व्हायकिंगांची भाषा इंग्रजीत मुरण्याआधी घेणे-पकडणे यासाठी इंग्रजीची स्वतःची दोन मोठी क्रियापदे होती, ‘फोन’ आणि ‘निमान’. (टेलिफोनशी यातल्या पहिल्याचा काही संबंध नाही.) राजा गादीवर बसला हे सांगताना तेव्हाचे बखरकार ‘फेंग टो रीचे’ लिहीत, म्हणजे त्याने राज्य धरले. या दोन्हींना ‘उंडर’ जोडून ‘उंडरफोन’ आणि ‘उंडरनिमान’ अशी क्रियापदे झाली. अर्थ होता स्वीकारणे, पत्करणे, अंगावर घेणे.

पुढे व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून ‘टाका’ आले, त्याचे ‘टेक’ झाले आणि त्याने ही दोन्ही जुनी क्रियापदे हळूहळू हुसकून लावली. त्यांच्या खुणा आज भलत्याच ठिकाणी सापडतात. ‘फोन’च्या कुळातला ‘फँग’ म्हणजे सुळा. आधी त्याचा अर्थ पकडलेली शिकार असा होता. ‘निमान’च्या कुळातले ‘नम’ म्हणजे बधिर, ज्याची संवेदना कोणी काढून घेतली आहे असा; आणि ‘निम्बल’ म्हणजे चपळ, पटकन झेलणारा. मूळ क्रियापदे गेली, पण साचा राहिला. १२०० च्या सुमारास ‘उंडरनिमान’च्या जागी ‘अंडरटेक’ दिसू लागते: उपसर्ग जुनाच, धातू नवा. सुरुवातीला त्याचा अर्थ सापळ्यात पकडणे असाही होत असे.

आता ‘अंडर’. ‘खाली’ हा अर्थ धरून बसलात तर कोडे सुटणार नाही. शेजारच्या भाषांत हाच साचा आहे. जर्मनमध्ये ‘उंटरनेमेन’, डचमध्ये ‘ओंडरनेमेन’, फ्रेंचमध्ये ‘आंत्रप्रांद्र’, लॅटिनमध्ये ‘सुस्किपेरे’. लॅटिन शब्द ‘सुब’ म्हणजे खालून आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे यांतून बनला. ओझ्याखाली हात घालून ते उचलणे, असे चित्र तिथे उभे राहते. फ्रेंचमधला ‘आंत्र’ मात्र ‘मध्ये’ या अर्थाचा आहे. जर्मन कुळातल्या ‘उंटर’चेही ‘खाली’ आणि ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ होते. ‘अंडरस्टँड’मधला ‘अंडर’ त्या दुसऱ्या अर्थाचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ‘अंडरटेक’ला मी स्वतः खालून उचलण्याचेच चित्र लावतो, कारण त्याची जुनी वापराची उदाहरणे भार पत्करण्याची आहेत. पण दोन्ही चित्रांत हात आहे, आणि ते महत्त्वाचे आहे.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. ‘आरंभ’ हा शब्द संस्कृत ‘रभ्’ या धातूवरून येतो आणि त्याचा मूळ अर्थ पकडणे असाच आहे. ‘आ’ लागून धरणे, आणि धरण्यातून सुरू करणे.

चौदाव्या शतकात ‘अंडरटेक’ला वचनाचा अर्थ किती घट्ट चिकटला होता हे इंग्रज कवी चॉसरच्या एका ओळीत दिसते. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत ऑक्सफर्डच्या गरीब विद्वानाचे वर्णन आहे. त्याचा घोडा दाताळ्यासारखा किडकिडीत होता, आणि तो स्वतःही काही फार धष्टपुष्ट नव्हता, ‘आय अंडरटेक’. इथे कोणतेच काम हाती घेतलेले नाही. ‘मी खात्रीने सांगतो’, ‘माझा शब्द घ्या’ एवढाच अर्थ आहे. आजच्या वाचकाला हा वापर विचित्र वाटतो. पण भार उचलणे आणि शब्दाचा भार उचलणे यांत तेव्हाच्या माणसाला फरक करावासा वाटत नव्हता.

कायद्याने हा अर्थ गोठवून ठेवला, आणि माझ्या दृष्टीने या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत रंजक प्रकरण हेच आहे. १३४८ चा, इंग्लंडमधल्या हंबर नदीच्या तरीचा खटला पाहा. एका नावाड्याने एका माणसाची घोडी पलीकडे नेण्याचे पत्करले. त्याने नावेत जास्तीचे घोडे भरले, नाव उलटली आणि घोडी बुडाली. दोघांत मोहोर लावलेला लेखी करार नव्हता. त्या काळी असा करार नसेल तर करार मोडल्याचा दावा टिकत नसे. तरी नावाडी हरला. काम अंगावर घेऊन ते वाईट रीतीने करणे हाच गुन्हा, अशी वाट तिथून उघडत गेली. पुढे अशा दाव्यांना नावच पडले ‘असम्प्सिट’, लॅटिनमध्ये ‘त्याने अंगावर घेतले’. १६०२ मध्ये स्लेड खटल्याचा निकाल लागला. त्यात कराराच्या पोटातच असे पत्करणे गृहीत आहे असे ठरले, आणि इंग्लंडच्या करार कायद्याची इमारत पुढे बरीचशी या क्रियापदावर उभी राहिली. कायद्याच्या इंग्रजीत म्हणूनच ‘अंडरटेक’चा अर्थ आजही ‘सुरू केले’ असा होत नाही. ‘हमी दिली’ असाच होतो.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. आपल्याकडे न्यायालयात दिलेली ‘अंडरटेकिंग’ म्हणजे हमी. न्यायालयाच्या अवमानाबद्दलच्या १९७१ च्या कायद्यात अशी हमी जाणूनबुजून मोडणे हा दिवाणी अवमान धरला आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताना, भाड्याचे घर घेताना, बँकेत, आपण ‘अंडरटेकिंग’वर सही करतो आणि मराठीत त्याला हमीपत्र म्हणतो. कोणताही उपक्रम तिथे सुरू होत नसतो. कार्यालयीन अनुवाद तपासताना ‘द टेनंट अंडरटेक्स टू व्हेकेट’ याचे ‘भाडेकरू जागा रिकामी करण्याचे काम हाती घेतो’ असे रूपांतर मी लाल शाईने खोडतो. भाडेकरू जागा रिकामी करण्याची हमी देतो. पहिल्या वाक्यावर कोणाला बांधता येणार नाही, दुसऱ्यावर येईल.

व्याकरणातही हे दोन अर्थ वेगळे उभे राहतात. ‘अंडरटेक’पुढे नाम आले, जसे सर्वेक्षण, प्रवास, दुरुस्ती, तर अर्थ काम करायला घेण्याचा. पुढे ‘टू’ आणि क्रियापद आले तर अर्थ बहुधा वचनाचा. आणि पुढे ‘दॅट’ येऊन पूर्ण वाक्य आले तर शंकाच नाही, ती हमीच. मराठीत पहिल्याला ‘हाती घेणे’ चालते. दुसऱ्याला ‘पत्करणे’ किंवा ‘हमी देणे’. आणि वचन जाहीर असेल, माघार घेणे नामुष्कीचे असेल, तर ‘विडा उचलणे’ इतका नेमका प्रतिशब्द जगातल्या थोड्याच भाषांकडे असेल.

क्रियापदाबरोबर माणसालाही नाव मिळाले: ‘अंडरटेकर’, काम पत्करणारा. १५८० च्या दशकात आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांतातल्या जप्त जमिनी इंग्लंडच्या राजसत्तेने वाटल्या, तेव्हा त्या घेणाऱ्यांना अंडरटेकर म्हणत. राणी एलिझाबेथचा दरबारी वॉल्टर रॅले त्यांपैकीच एक. त्याला ४२,००० एकरांच्या घरातली जमीन मिळाली होती. कवी एडमंड स्पेन्सरही त्यांतलाच. १६०९ नंतर अल्स्टर प्रांतात हीच योजना पुन्हा आली, आणि तिथे हिस्से १,०००, १,५०० आणि २,००० एकरांचे होते. जमीन फुकटची नव्हती. इंग्लंड-स्कॉटलंडमधून कुळे आणून बसवीन, तटबंदी बांधीन, अशा अटी पत्कराव्या लागत. आयरिश लोकांच्या दृष्टीने हा शब्द त्यांची जमीन गिळणाऱ्याचा होता, आणि त्याची कटू चव त्यांच्या इतिहासलेखनात आजही जाणवते.

शेक्सपियर वाचताना हा शब्द फसवतो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी तलवार उपसत समोरच्याला म्हणतो, तू अंडरटेकर असशील तर मी तयार आहे. अर्थ: दुसऱ्याचे भांडण तू स्वतःच्या अंगावर घेत असशील तर. ‘ऑथेल्लो’त इयागो म्हणतो की कॅसिओचा अंडरटेकर मला होऊ दे. म्हणजे त्याचा निकाल लावायचे काम माझ्याकडे. आजचा प्रेक्षक तिथे शवपेटी डोळ्यांसमोर आणतो. इयागोच्या वाक्याला तो योगायोग भयंकर साजतो, पण शेक्सपियरच्या हयातीत या शब्दाला तो अर्थ अजून चिकटायचा होता.

तो चिकटला सतराव्या शतकाच्या अखेरीस. पुस्तक छापण्यापासून कालवा खणण्यापर्यंत कोणतेही काम पत्करणारा अंडरटेकर असे. त्यांतलाच एक ‘फ्युनरल अंडरटेकर’: शवपेटी, काळे कापड, गाड्या, मशाली या सगळ्याची व्यवस्था ठरलेल्या रकमेत करून देणारा. दुःखाच्या घरात त्या धंद्याचे पूर्ण नाव उच्चारायला लोक कचरत असावेत. पहिला शब्द गळला आणि उरला नुसता ‘अंडरटेकर’.

मात्र अर्थ एका रात्रीत बदलला नाही. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथ ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये भांडवल धोक्यात घालून धंदा उभा करणाऱ्याला अंडरटेकरच म्हणतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पुढे अंत्यविधीचा अर्थ इतका वरचढ झाला की धंदेवाल्यांना नवे नाव शोधावे लागले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने फ्रेंचमधून ‘आंत्रप्रेन्युअर’ घेतले. हा शब्द त्याच ‘आंत्रप्रांद्र’वरून बनलेला, म्हणजे अंडरटेकरचा सख्खा चुलतभाऊच. एकाच अर्थाचे दोन शब्द. एक स्मशानात गेला, दुसरा बाजारात बसला. अमेरिकेत तर पुढे अंत्यविधीवाल्यांनाही अंडरटेकर नको झाले आणि १८९० च्या दशकात त्यांनी ‘मॉर्टिशियन’ घडवले.

संस्थेसाठी मात्र ‘अंडरटेकिंग’ टिकले. भारतात ‘पब्लिक सेक्टर अंडरटेकिंग’ आहेच. मुंबईकरांना जवळचे उदाहरण म्हणजे शहराची बस आणि वीजसेवा चालवणारी बेस्ट. १९४७ मध्ये ती महापालिकेकडे आली आणि तिच्या नावात ‘अंडरटेकिंग’ आले. मराठी वर्तमानपत्रे तेव्हापासूनच्या परंपरेने ‘बेस्ट उपक्रम’ लिहितात. ‘उपक्रम’ हा शब्द ‘जवळ पाऊल टाकणे’ यावरून आला. इंग्रजीने तिथे हात वापरला, संस्कृतने पाय.

आता दुसरे कुळ: अटेम्प्ट, ट्राय, एसे, एन्डेव्हर. ही सगळी फ्रेंचमार्गे आली आणि तीन जणांचे मूळ पारखण्यात आहे. ‘ट्राय’ जुन्या फ्रेंच ‘त्रिए’वरून, अर्थ निवडणे, वेगळे काढणे. रुग्णांची तातडीप्रमाणे विभागणी करतात त्याला दवाखान्यात ‘ट्रायाज’ म्हणतात, तो शब्द याच घरचा. निवडण्यातून पारखणे आले, पारखण्यातून न्यायालयातला ‘ट्रायल’, आणि नंतर ‘जमते का पाहणे’. ‘एसे’ आणि ‘अ‍ॅसे’ हे लॅटिनमधल्या वजन करण्याच्या शब्दावरून आले. सोन्याचा कस पाहणे हा ‘अ‍ॅसे’. आपल्याकडे सोन्यावर शुद्धतेची खूण करणारी केंद्रे अधिकृतपणे ‘अ‍ॅसेइंग अँड हॉलमार्किंग’ केंद्रेच आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅसे’ हे ‘करून पाहणे’ या अर्थाचे रोजचे क्रियापद होते. आज क्रियापद म्हणून ते जवळजवळ गेले. नाम मात्र १५८० मध्ये फ्रेंच लेखक माँतेन्यने आणि १५९७ मध्ये इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनने आपल्या लेखनाला लावले, म्हणून शाळेतल्या निबंधाचे नाव ‘एसे’.

‘अटेम्प्ट’ लॅटिनमधल्या ‘तेम्प्तारे’वरून: चाचपणे, कसोटी पाहणे. ‘टेम्प्टेशन’ही तिथलेच. या शब्दात अपयशाची शक्यता मुळातच आहे. ‘ही अटेम्प्टेड टू क्लाइंब’ म्हटले की ऐकणारा ‘आणि मग?’ म्हणून थांबतो. फौजदारी कायद्यात ‘अटेम्प्ट’ म्हणजे सिद्धीस न गेलेला गुन्हा. तो सिद्धीस गेला की नाव बदलते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले ‘माझा तिसरा अटेम्प्ट’ म्हणतात तेव्हा ती हा शब्द अचूक वापरतात. मात्र अर्जात ‘आय अटेम्प्टेड टू रीऑर्गनाइझ द स्टोअर’ लिहिलेत तर वाचणारा समजेल की जमले नाही.

‘एन्डेव्हर’ची गोष्ट निराळी आहे, कारण ते पारखण्यातून आलेले नाही. मध्ययुगात ‘पुट इन डेव्हर’ असा प्रयोग होता. ‘डेव्हर’ म्हणजे फ्रेंच ‘द्व्हार’, कर्तव्य. स्वतःला कर्तव्यात घालणे. दोन शब्द एकत्र वितळले आणि क्रियापद झाले. सुरुवातीला ‘मी स्वतःला एन्डेव्हर करतो’ असेच म्हणत. त्यामुळे या शब्दाला आजही एक गांभीर्य आहे, आणि किरकोळ कामापुढे तो फुगलेला वाटतो. कॅप्टन कुकने १७६८ मध्ये ज्या जहाजावरून प्रवास सुरू केला त्याचे नाव ‘एन्डेव्हर’ होते. अशा कामाला तो शोभतो. ‘ईमेलला लवकर उत्तर देण्याचा एन्डेव्हर करू’ हे वाक्य मी कापतो.

‘टॅकल’ला ‘टेक’शी जोडण्याचा मोह होतो, पण हे कुळच वेगळे. हा शब्द उत्तर समुद्राच्या पलीकडच्या डच-जर्मन किनाऱ्यावरून आला, अर्थ जहाजाचे दोर, कप्प्या, सगळा सरंजाम. मासेमारीच्या साधनांना आजही ‘फिशिंग टॅकल’ म्हणतात. १४०० च्या सुमारास क्रियापद झाले: जहाज दोरखंडांनी सज्ज करणे. अठराव्या शतकात घोड्याला साज चढवणे हाही टॅकल. घोडा सहजासहजी साज चढवू देत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे इथेच शब्दात झटापट शिरली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत माणसाशी भिडणे, त्याला धरणे या अर्थाने तो रुळला, मग अवघड कामाशी भिडणे, आणि रग्बी-फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवणे. म्हणून ‘टॅकल’पुढे विरोध करणारी गोष्ट हवी. पाणीटंचाई टॅकल करता येते, थकबाकी, गुन्हेगारी, कठीण गणित टॅकल करता येते. ‘आय टॅकल्ड अ डिप्लोमा कोर्स’ खटकते, कारण डिप्लोमा तुम्हाला अडवत नव्हता. तो छळत होता असेच सांगायचे असेल तर गोष्ट वेगळी.

‘एम्बार्क’ सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आले, ‘बार्क’ म्हणजे गलबत, त्यात चढणे. आज त्याला ‘ऑन’ लागतो आणि लांब पल्ल्याचे, परतीची खात्री नसलेले काम लागते: कारकीर्द, सुधारणा, युद्ध. दुपारी सुरू करून संध्याकाळी संपणाऱ्या कामाला ते नको.

उरली ‘टेक’ची छोट्या शब्दांबरोबरची जोडपी, आणि मराठी बोलणाऱ्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. ‘टेक ऑन’ म्हणजे ओझे अंगावर चढवून घेणे. जहाज माल टेक ऑन करते, कारखाना कामगार टेक ऑन करतो, मल्ल प्रतिस्पर्ध्याला टेक ऑन करतो. सगळीकडे वाढलेला भार किंवा समोर ठाकलेला माणूस आहे. ‘टेक अप’ म्हणजे खाली ठेवलेली वस्तू उचलणे. त्यातून छंद, व्यवसाय, पद, सोडून दिलेला विषय पुन्हा हाती घेणे. चित्रकला टेक अप करतात. साहेबांनी दिलेली जादा जबाबदारी टेक ऑन करतात. आपण ऑफिसात ‘हा मुद्दा वरिष्ठांकडे टेक अप करा’ म्हणतो ते बरोबर आहे, कारण मुद्दा पडून होता आणि तो उचलायचा आहे. ‘सेट अबाउट’ आणि ‘गेट डाउन टू’ यांच्यात वचन नाही, जोखीमही नाही, फक्त कामाला लागणे आहे. त्यांच्यापुढे क्रियापद आले तर त्याला ‘इंग’ लागते, हे लक्षात असू द्या.

एकूण माझी पद्धत अशी: शब्द निवडण्याआधी कामात नेमके काय आहे ते पाहायचे. कोणाला शब्द दिला आहे का? मग अंडरटेक. फसण्याची शक्यता सांगायची आहे का? अटेम्प्ट. काम प्रतिकार करते का? टॅकल. आधीच्या भारात भर पडली का? टेक ऑन. यांतले काहीच नसेल तर साधे ‘बिगिन’ किंवा ‘स्टार्ट’ पुरते, आणि बहुतेक वेळा तेच बरे असते. जुन्या मजकुरासाठी मात्र हा नियम लावू नका. १८०० च्या आधीचे लेखन वाचताना प्रत्येक शब्द त्याच्या काळच्या अर्थाने तपासावा लागतो. आणि ब्रिटनच्या रस्त्यांवर आज ‘अंडरटेक’ म्हणजे डावीकडून पुढे काढणे हाही अर्थ आहे. तो ‘ओव्हरटेक’वरून गेल्या शतकात घडला आणि इथल्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो दिसला तर गोंधळू नका.

तुमच्या अर्जातले वाक्य तुम्ही दिले आहे: ‘आय अंडरटूक थ्री प्रोजेक्ट्स’. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण त्यातून वाचणाऱ्याला एवढेच कळते की तुम्ही ती कामे पत्करलीत. ती पुरी झाली का, हे हा शब्द सांगत नाही. पूर्णत्वासाठी इंग्रजीत ‘कॅरी आउट’ आणि ‘कम्प्लीट’ आहेत. तीन प्रकल्प तुम्ही तडीस नेले असतील तर ‘कम्प्लीटेड’ लिहा. त्यांतला एखादा मूळ कामाव्यतिरिक्त, सहकारी सोडून गेल्यामुळे तुमच्याकडे आला असेल, तर त्या एकापुरते ‘टूक ऑन’ लिहा आणि कारण अर्ध्या ओळीत द्या. ‘अंडरटूक’ राखून ठेवा ते तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी, जिथे तुम्ही नेमणूक झाल्यास महिनाभरात रुजू होण्याची हमी देता. तिथे ‘आय अंडरटेक टू जॉइन’ हेच हवे, आणि ते लिहिल्यावर पाळावेही लागेल.